पाचवी गाठ

ताडकळसच्या बाजारात मी मेथीची जुडी निवडत होते, तेव्हा सुभद्राची सून माया गर्दीतून समोर आली. तिच्या हातात पिशवी नव्हती, तिथंच मी जुडी खाली ठेवली. "आक्का, आत्या गेल्या पहाटं," एवढंच म्हणाली... आता महिना उलटून गेला, तरी मी मेथी घरात आणली नाही.

सुभद्रा आमच्या खदानीवर आली ती नामांतराच्या दंगलीच्या साली. गावातलं घर जाळलं, तेव्हा ती आणि तिचा नवरा किसन लहानग्या पोराला घेऊन अंगावरच्या कपड्यानिशी निघाले. आमची खदान म्हणजे काळ्या दगडाचा खड्डा आणि काठावर तीस-चाळीस पत्र्याच्या खोल्या. कोणी कोणाच्या हातचं घ्यायचं, हे तिथंही ठरलेलं होतं. मी मराठ्याची. पहिले आठ दिवस तिच्या हातचं पाणी प्याले नाही, हे लिहायला लाज वाटते. मग एक दिवस उन्हानं मला चक्कर आली, तिनं तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाली, "बाटायचं ते उद्या बाट आक्का, आधी पाणी पी." तिथून आमचं जमलं ते जमलंच.

किसन सुरुंग लावायचा. दगडात भोकं पाडून दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि पळायचं. आम्ही दोघी दोन वाटांवर लाल फडकं धरून माणसं, बैलगाड्या अडवायचो आणि बार मोजायचो. जेवढी भोकं तेवढे आवाज झालेच पाहिजेत. एक कमी झाला तर न उडालेला बार आत बसलेला असतो, मग दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी खाली उतरायचं नाही. सुभद्राला आकडे येत नव्हते. ती जेवढे बार तेवढ्या गाठी पदराला मारायची, आवाज झाला की एक सोडायची. मला लय हसू यायचं. "मला बघ, शंभरापर्यंत येतंय," असं मिरवायचे मी.

त्या दिवशी पाच भोकं होती. माझ्या वाटेवर एक गाडीवान थांबायला तयार नव्हता, त्याच्याशी माझी बाचाबाची चाललेली. खड्ड्याच्या तोंडाशी उभ्या किसननं विचारलं, "आक्का, किती झाले?" मी म्हणाले, "पाच!"

पलीकडून सुभद्रा ओरडली, "अवं थांबा, माझी एक गाठ ऱ्हायलीय!"

"दोन बार संगंच उडाले गं," मी म्हणाले, "सोड ती गाठ." किसन हसला आणि उतरला.

पाचवा बार तेव्हा उडाला.

पोलीस आले, जबाब झाले. सुभद्रानं माझं नाव घेतलं नाही. पुढंही त्यावर एक शब्द बोलली नाही. फक्त नवं लुगडं नेसली की आधी पदराला एक गाठ मारायची... मी समोर असले तरी.

खदान पुढं बंद पडली, खड्ड्यात निळंहिरवं पाणी साठलं. मग कोणी दोन होड्या आणल्या, भेळेच्या गाड्या लागल्या, पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला आलेली माणसं वाट वाकडी करून यायला लागली. ठेकेदारानं पाटी लावली, 'निसर्गरम्य तलाव'. सुभद्रा तिथं कणसं भाजून विकायची. पाटी वाचून दाखवली तर म्हणाली, "निसर्ग कदी आलता गं पहार घेऊन? मला तर न्हाई दिसला." गिऱ्हाईक हसायचं. होडीत मात्र ती कधी बसली नाही. यंदा विद्यापीठाला नाव लागलं, तेव्हा तिनं खोलीखोलीत पेढे वाटले. मला दोन दिले. "एक माझा, एक ह्यांचा," म्हणाली.

जायच्या तीन दिवस आधी मी तिच्या खाटेवर बसून पाय दाबत होते. तिनं पदर माझ्या हातात दिला. "आक्का, ही आता तूच सोड."

मला कळलं, पण मी वेड पांघरलं. "राहू दे की, कशाला..."

ती बारीक हसली. "शंभरापर्यंत येतंय तुला, आन् एक सोडवंना व्हय?"

मायानं ते लुगडं मला दिलंय. धुतलं, पण गाठ तशीच ठेवली तिनं. रोज दुपारी, पूर्वी बार उडायच्या वेळेला, मी ते मांडीवर घेते. तळ्यावरून होडीतल्या माणसांचं हसणं ऐकू येतं. गाठीवर बोट ठेवून मी मोजायला लागते... चारापर्यंत येतं.