धर्मपाल मिस्त्रीचा हात

अकोल्याच्या डाळमिलींत धर्मपाल मिस्त्रीला उजव्या हाताच्या तीन बोटांवरून ओळखत. मशीन बंद करण्यात वेळ कोण घालवणार? हात अडकू नये म्हणून पट्ट्यावर बसवलेली जाळी काढायची, चालत्या पट्ट्याला पालथा हात लावायचा आणि किती ढिला झालाय ते सांगायचं, ही त्याची रीत. त्यातच दोन बोटं गेली. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. "बोट गेल्याबिगर मिस्त्री होत नाही," असं तो चहा पिताना छाती काढून सांगायचा.

याच हाताने त्याला मोझांबिकला नेलं. तिथे तूर उदंड पिकते, आणि तिची डाळ करायला शिकवणारं एक केंद्र निघालं होतं. पोर्तुगीजमध्ये कारभार चालवणारे आफ्रिकेतले पाच देश एकमेकांची नड भागवतात. अंगोला, गिनी-बिसाऊ, केप व्हर्ड, साओ तोमे, सगळीकडून शिकाऊ आले. भाषा एकच, त्यामुळे एक शिकला की चौघांपर्यंत पोचायचं. धर्मपालला ती तोडकीमोडकीच यायची, म्हणून त्याने हातानेच शिकवलं. अर्थात जाळी काढून. तीन वर्षांनी परतल्यावर बायकोला, भावनाला म्हणाला, "पाच देशांत आपला हात चालून राहिला."

गेल्या महिन्यात गिनी-बिसाऊहून मामादूचा फोटो आला. हा त्याचा सगळ्यांत लाडका शागीर्द. शर्टाच्या उजव्या बाहीला कोपराखाली गाठ मारलेली. सोबत लिहिलं होतं, "पट्ट्याने हात नेला. गुरुजी, आता मीही तुमच्यासारखा पक्का मिस्त्री झालो."

रागाचा एखादा शब्द असता तर धर्मपालला तो सोसला असता. दोन दिवसांनी त्याने तो फोटो बायकोपुढे धरला.

"त्या पोराचा हात म्याच खाल्ला वं, भावना."

"मंग सांगा ना बाकीच्यायले! का त्यायचेबी हात जाऊ देता?"

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. या गृहस्थाने ठेचच मिरवली, मग मागचे शहाणे व्हावेत कसे?

ज्या मिलीत आयुष्यभर टेंभा मिरवला, तिथेच तो गेला. सगळ्या कामगारांसमोर मशीन बंद केली, जाळी बसवली. भावनाने मोबाईल धरला. तुटका पंजा पुढे करून तो त्या पोरांच्या भाषेत म्हणाला, "मी चुकलो. यात मर्दुमकी नाही. आधी मशीन बंद करा." मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. त्याने मान वळवली नाही. व्हिडिओ शागीर्दांच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळपर्यंत चार देशांतून जाळी बसवल्याचे फोटो आले. मामादूचा फोटो नव्हता, नुसता निरोप होता.

"बसवतो, गुरुजी. दोन हातांचा कोणी आला की."