अकरा नंबर माझी आहे

माझ्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, व्हिस्कीच्या चौदा बाटल्या उभ्या आहेत आणि मी त्यांच्यावर पडदा लावत नाही. परवाना माझ्या नावाचा आहे. तो विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये असतो, कोणाला बघायचा असेल तर दाखवते. आतापर्यंत कोणी मागितला नाही. लोकांना नुसतं नाक मुरडायचं असतं.

नाकाचं म्हणाल तर माझं नाक सत्तावीस वर्षं पगारावर होतं. वसई पूर्वेच्या एका मसाला कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली. कुठल्या पोत्यातले धणे ओलसर, कुठलं जिरं जास्त भाजलं गेलं, हे यंत्राच्या आधी मी सांगायचे. मी निवृत्त झाले त्याच वर्षी डॉक्टरांनी नवऱ्याची दारू बंद केली. घरात भेट म्हणून आलेल्या सहा-सात अर्ध्यामुर्ध्या बाटल्या होत्या. तो म्हणाला, मोरीत ओत. कोणीतरी बारा-बारा वर्षं मुरवलेली वस्तू मोरीत ओतायला माझा हात धजावला नाही. एकेक उघडून हुंगत बसले आणि वाटलं, ह्या एकमेकींत मिसळून बघू.

पहिला प्रयोग मी साफ बिघडवला. मिश्रण मुरायला ठेवायचं म्हणून सवयीने लोणच्याची बरणी घेतली. साबणाने तीनदा धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली. तीन आठवड्यांनी झाकण काढलं तर नाकात हिंग आणि मोहरी. नवऱ्याने वास घेतला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, कैरी तेवढी घालायची राहिली. मग मी शहाणी झाले. काचेच्या बाटल्या, मोजायला औषधाची सिरिंज आणि लिहायला एक वही. हलक्या, स्वस्त व्हिस्कीला वसईजवळच्या गिरीज गावच्या पिकल्या केळ्यांसारखा वास येतो, ती पाया म्हणून बरी. धुराच्या वासाची मात्र थेंबाथेंबाने घालायची, नाहीतर ती बाकीच्यांना बोलू देत नाही. प्रत्येक मिश्रणाला मी नंबर द्यायचे. मी चमचाभर जिभेवर ठेवायचे, बाकी सगळं नाकाचं काम. नवऱ्याला पिण्याची मनाई होती, वास घेण्याची नव्हती. तो वास घेऊन मार्क द्यायचा आणि ते देताना हात आखडायचा. अकरा नंबरला त्याने दहापैकी आठ दिले. मी शेजारीपाजारी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

त्या होळीला सासरच्या गावाहून, कामणहून, मोठे दीर आले. ही खाडीकाठची शेतकरी माणसं, मी साताऱ्याकडून लग्न होऊन आलेली. दिरांनी अकरा नंबर घेतली, ग्लास उजेडात धरून पाहिला आणि भावाच्या पाठीवर थाप मारली. तुझ्या हाताला गुण आहे, म्हणाले. नवरा माझ्याकडे न बघता हसला. नंतर मी भांडले तेव्हा म्हणाला, जाऊ दे गं, उगीच तमाशा कशाला. त्याचा मला आजही राग आहे. माणूस चांगला होता, माझ्यावर जीव होता, पण माझ्या वाटची शाबासकी त्याने खिशात घातली. ते मी त्याला माफ केलेलं नाही.

तो गेल्याला आता चार वर्षं झाली. ह्या घराण्यात पितृपक्षात पितरांचं पान वाढतात, तेव्हा गेलेल्या पुरुषाला आवडायची ती दारू छोट्या ग्लासात पानाशेजारी ठेवतात. ती ठेवायची घरातल्या पुरुषाने. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून पहिली दोन वर्षं दीरच येऊन दुकानातल्या बाटलीतली ठेवून गेले. गेल्या वर्षी मात्र त्यांनी विचारलं, भावाच्या हातची ती होळीची शिल्लक आहे का?

होती. मी कपाटातून अकरा नंबर काढली, ग्लास भरला आणि स्वतःच पानाशेजारी ठेवला.

"भाऊजी, ही ह्यांच्या हातची नाही," मी म्हणाले. "ही मी केली. ह्यांनी त्यात एक थेंब मिसळला नाही."

मी वही आणून पुढे ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"आमचे घरान बायकांनी कवा बाटलीला हात नाय लावला," ते म्हणाले. मग एकेक करून सुनावलं. ग्लास उचलायचा, कपाटातल्या बाटल्या आजच्या आज रिकाम्या करायच्या, नाहीतर पुढच्या वर्षापासून भावाचं पान कामणला वाढलं जाईल आणि मला तिथे बोलावणं नसेल. ते पान वाढणं एवढंच त्या माणसाचं माझ्याकडे उरलं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. जाऊबाई दाराशी वड्यांचा डबा धरून उभ्या होत्या, त्यांनीही डोळ्यांनी खुणावलं, ऐकून घे.

मी म्हणाले, "ग्लास तिथेच राहील."

दीर न जेवता उठले. जाऊबाई त्यांच्यामागून गेल्या.

ह्या वर्षी तिथीला कामणला पान वाढलं गेलं आणि मला निरोप आला नाही. मी सकाळी थोडी रडले. मग वडे तळले, खीर केली, पान वाढलं आणि शेजारी ग्लास ठेवला. मंत्र मला येत नाहीत. त्याला सरळ सांगितलं, मी केलेली आहे, प्यायची तर माझी म्हणून पी.

दुपारी बेल वाजली. दारात जाऊबाई, एकट्या, रिक्षाने आलेल्या. पानाला नमस्कार केला, खुर्चीत बसल्या आणि कपाटाकडे बोट करून म्हणाल्या, मला दे जरा. मी चमचा आणला तर त्यांनी ग्लास मागितला. पासष्टी ओलांडलेल्या ह्या बाईने आयुष्यात दारू चाखली नव्हती. पुरुषांची बैठक बसली की त्या चुलीशी असायच्या. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि ग्लासाकडे बघत राहिल्या.

"ह्याचेसाठी चालीस वर्सं मी चकना तलला?"

पाणी घालू का, मी विचारलं. घाल म्हणाल्या, आणि तिथूनच दिरांना फोन लावायला सांगितला. कुठे बसले आहे आणि काय पिते आहे, ते त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.