दोन्ही पाय टेकले पाहिजेत

"सर, मॅडमना झेपेल ना?"

शोरूममधल्या टायवाल्याने हा प्रश्न विचारला कुणाला, तर दादाला. गाडी घेणार डॉक्टरबाई, चालवणार डॉक्टरबाई, ती समोर हाताच्या अंतरावर उभी, आणि हा गडी विचारतोय तिच्या थोरल्या भावाला! जणू बाई म्हणजे दादाने येताना बरोबर आणलेली छत्री.

बरं, दादाने तरी म्हणावं ना, "अहो, तिलाच विचारा." छे! त्याने हनुवटी खाजवली, गाडीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघू. आमची चिमी उंचीला जरा कमी पडते."

चिमी! चाळिशीला आलेली बाई. गुरांची डॉक्टर. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवते, बिथरलेल्या बैलाच्या नाकात बोटं घालून त्याला जागेवर उभा करते. पण लहानपणी अंगाने बारकी होती म्हणून घरच्यांनी एकदा चिमी म्हटलं, ते म्हटलंच. दादापुढे ती अजून फ्रॉकमध्येच होती.

गाडीचं खूळ काही उगाच तिच्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. दवाखान्याची जीप जायची पुलापर्यंत. तिथून पुढे वरच्या वस्तीला वाट होती ती पायांचीच. आधी गोट्यांनी भरलेला ओढा, मग आडवा पसरलेला गुडघाभर उंचीचा खडक, मग दम काढणारी चढण. मागच्या थंडीत मावशीची गाय अडली. मावशी म्हणजे वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी बाई. गाय हेच तिचं घरचं माणूस. निरोप मिळाल्या मिळाल्या डॉक्टरबाई निघाली, धापा टाकत वर पोचली, तेव्हा गाय आणि पोटातलं वासरू, दोन्ही थंड झालेली. मावशीने तिला बोल लावला नाही. हात धुवायला पाणी दिलं. धुण्यासारखं हाताला काही लागलंच नव्हतं, तरी दिलं. त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं डॉक्टरबाईला वाटलं. आता त्याच गाईची आधीच्या वेताची कालवड गाभण होती. पहिलटकरीण. ह्या खेपेला उशीर होता कामा नये, एवढं एकच तिच्या मनात होतं. बाकी मोटरसायकलची हौस वगैरे काही नाही.

पण सल्ला द्यायचा म्हटलं की आपल्या लोकांच्या अंगात येतं. ज्याने आयुष्यात सायकलचं पंक्चर काढलं नाही, तोही गाड्यांतला तज्ज्ञ होतो. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "स्कूटर घ्या मॅडम, पायाशी पिशवी ठेवायला बरी पडते." पिशवी! ही बाई काय वस्तीवर भाजी विकायला चालली होती? शेजारीण म्हणाली, "पडलीबिडलीस तर? ह्या वयात हाड लवकर जुळत नाही हो." आणि दादा तर काय, तरुणपणी चार वर्षं मोटरसायकल चालवलेला, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. "जड गाडी घे चिमे. जड गाडी रस्ता सोडत नाही."

"अरे, पण रस्ता आहे कुठे तिथे?"

"ते मला सांगू नकोस."

शोरूमच्या मागच्या मैदानात चालवून बघायच्या गाड्या लावलेल्या होत्या. टायवाल्याने आधी दाखवली ती एक अवाढव्य गाडी. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे काच, नुसता थाट. दादा तिच्याभोवती फिरून फिरून खूश. दुसरी होती काडीसारखी हलकी, पण तिला ना दिवा, ना नंबरपाटी लावायची सोय. रानात उड्या मारायला ठीक, रस्त्यावर आणली की पोलीस धरणार. आणि कोपऱ्यात, धूळ खात, तिसरी. सडपातळ, उंच, दातेरी टायरांची. दिवा आहे, सिग्नल आहे, आणि पोटाखालून मांजर ताठ शेपटीने निघून जाईल एवढी मोकळी जागा. अर्धी रस्त्याची, अर्धी रानाची.

डॉक्टरबाईने ओढणी कमरेला बांधली आणि थाटाची गाडी सरळ गवतावर आडवी केली.

"अहो मॅडम! पडली ना!" टायवाल्याने डोक्याला हात लावला.

"पडणारच आहे ती. खडकावर पडली म्हणजे उचलायला तुम्ही येणार आहात का?"

मग तिने गाडीला पाठ लावली, खाली बसली, एक हात हँडलला, एक हात मागच्या दांडीला. बसकण मारलेल्या गाईला ढकलायची तिची हीच रीत होती. पाठ टेकवायची, आणि जोर लावायचा तो मांड्यांचा. थाटाची गाडी काही तसूभर हलली नाही. मग तिसरी आडवी केली. मांड्या थरथरल्या, चेहरा लाल झाला, पण एकेक पाऊल मागे सरकत तिने ती उभी केली. "हीच," ती म्हणाली.

ह्यावर दादाने काय म्हणावं? "सगळं ठीक आहे गं. पण दोन्ही पाय टेकले पाहिजेत."

ती गाडीवर बसली. डाव्या पायाचा चवडा तेवढा जमिनीला लागत होता. उजवा हवेतच.

"घोड्यावर बसल्यावर पाय टेकतात का रे दादा?"

"घोडा आपला आपण उभा राहतो, चिमे."

हे मात्र दादाचं खरं होतं. पण गाडी तिने तीच घेतली.

दवाखान्यामागे, जिथे जनावरं बांधून औषध पाजतात, तिथे तिची शिकवणी सुरू झाली. थांबायच्या आधी कंबर डावीकडे सरकवायची, डावा पाय पूर्ण टेकायचा, उजवा ब्रेकवर. सांगायला सोपं! पहिल्या दिवसांत ती इतकी पडली, की कुंपणावर बसलेले रिकामटेकडे मोठ्याने समालोचन करायला लागले. "डॉक्टरबाई आल्या... डॉक्टरबाई थांबल्या... डॉक्टरबाई झोपल्या!" हसा लेको. तुमची म्हैस अडेल तेव्हा याल ना हात जोडत. घरात नवऱ्याने मात्र चकार शब्द काढला नाही. तो शिंपी. तिच्या पँटच्या गुडघ्यांना त्याने जाड कापडाचे दुहेरी थर शिवून दिले, तेही न सांगता.

हळूहळू जमलं. ओढा जमला. खडकापाशी मात्र ती कितीदा तरी अडली, परतली. शेवटी एका सकाळी गाडीच्या पाय ठेवायच्या दांड्यांवर उभी राहिली, अंग मागे टाकलं, पुढचं चाक वर चढलं, आणि गाडीचं पोट खडकावरून अगदी बोटभर जागा ठेवून सुळकन पार झालं. मावशीच्या अंगणात तिने गाडी थांबवली, तेव्हा मावशी शेण काढत होती. "आलात? एवढ्यात?" मावशी म्हणाली. ते "एवढ्यात" डॉक्टरबाईला इतकं गोड लागलं, की उतरताना ती दोनदा एकटीच हसली.

मग गाडीची पहिली सर्व्हिसिंग आली. "मी नेतो, तू कशाला ताटकळतेस?" म्हणत दादाने गाडी नेली आणि लख्ख पुसून परत आणली. डॉक्टरबाई बसली. आणि काय आश्चर्य! दोन्ही पाय जमिनीला सपाट. तिला वाटलं, सीट दबली असेल. किंवा आपल्यालाच सवय झाली असेल. सवयीने माणसाचे पाय लांब होत नाहीत, हे डॉक्टर असून तिच्या ध्यानात आलं नाही. बरं वाटत होतं ना! दादा बाजूला उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होता. पुढचे काही दिवस सगळी कामं डांबरी रस्त्यावरचीच होती, आणि रस्त्यावर गाडी कशी लोण्यासारखी चालली.

एका दुपारी फोन आला. मावशीच्या शेजाऱ्याचा. कालवड अडलीय, पाणमोट फुटून बराच वेळ झाला, एकच पाय बाहेर दिसतोय.

पूल गेला, ओढा गेला, खडक आला. ती नेहमीसारखी उभी राहिली, अंग मागे टाकलं, पुढचं चाक वर चढलं आणि खाण्णकन आवाज झाला. गाडी पोटावरच खडकावर बसली. मागचं चाक हवेत गरगर फिरायला लागलं. इंजिनाखालून काळं तेल खडकावर ठिबकलं. तिने ढकललं, ओढलं, पाठ लावली. हलेना. शेवटी पिशवी खांद्याला मारली आणि ती चढणीला लागली, जमेल तिथे पळत, बाकी चालत, मागच्या थंडीत गेली होती तशीच.

वासराचा दुसरा पाय पोटात दुमडलेला होता. तो सरळ करायला तिला काही फार वेळ लागला नाही. थोडं आधी हात लागला असता तर वासरू जगलं असतं, हे बाहेर आलेल्या त्या ओल्या, ऊबदार आणि निपचित अंगावर हात ठेवल्या ठेवल्या तिला कळलं. तरी तिने त्याच्या नाकात काडी घातली, छाती चोळली, उलटं धरून झटकलं. नाही. कालवड तेवढी वाचली. मावशीने हात धुवायला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी तशीच मळक्या कपड्यांत ती दादाच्या दुकानात शिरली. "माझ्या गाडीला काय केलंस?"

दादाचा चेहरा फुलला. "कळलं एकदाचं! अगं, मिस्त्रीला सांगून खाली बसवून घेतली. मागच्या शॉकअपचा जोड बदलला, पुढचे पाइप वर सरकवले. आता कसे ठणठणीत पाय टेकतात की नाही?"

"मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? तुझ्या भल्यासाठीच केलं ना."

भल्यासाठी! ह्या एका शब्दाखाली माणसं काय काय करून मोकळी होतात. मिस्त्रीचं तर काय सांगावं? गाडी कुणाची, ती कुठे जाते, त्याला सगळं ठाऊक. फोन करून "बाई, खाली करू का?" एवढं विचारायला त्याची जीभ झडत होती? पण नाही. साहेब बोलले, संपलं. गाडीची उंची कमी झाली म्हणजे पोटाखालची जागा कमी झाली, हे शेंबड्या पोरालाही कळेल. ह्या दोन शहाण्यांना तिचे पाय दिसले. वाट दिसली नाही.

डॉक्टरबाईच्या तोंडाशी हे सगळं आलं होतं. बोलली ती एवढंच, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. गाडी खडकावर अडकलीय."

सकाळी खडकापाशी पोचल्यावर दादा बाह्या सरसावून पुढे झाला. "गाडी नंतर," ती म्हणाली. "मला आधी वर जायचंय. कालवडीला इंजेक्शन द्यायचंय." चढणीवर दादाचा भाता चालू झाला. तीनदा तो दगडावर टेकला. ती थांबली नाही, आणि त्याचा हातही धरला नाही.

मावशीच्या अंगणात गोठ्याबाहेर ताजी माती ओढलेला एक लहानसा उंचवटा होता. कालवड दाराकडे तोंड करून हंबरत होती. थांबायची, कान टवकारायची, आणि पुन्हा हंबरायची. तिची कास तट्ट फुगलेली. दादा दारातच उभा राहिला.

"हे कोण?" मावशीने विचारलं.

"माझा दादा. माझे पाय टेकावेत म्हणून ह्याने गाडी खाली करून घेतली. म्हणून ती खडकाला अडली."

मावशीने दादाकडे बघितलं. रागाने नाही, खरंच काही समजून घ्यायचं असल्यासारखं. "मग टेकले का पाय?"

"टेकले ना," डॉक्टरबाई म्हणाली. "सगळी चढण चालतच आले."

मावशीने त्यालाही पाणी दिलं. तांब्या हातात धरून तो तसाच उभा राहिला. कालवड हंबरली की त्याची मान खाली जायची. इंजेक्शन झालं, कास पिळून हलकी केली, तरी त्याने पाण्याला तोंड लावलं नव्हतं.

दोघं चढण उतरली. खडकापाशी आल्यावर डॉक्टरबाईने गाडीला पाठ लावली आणि खाली बसली. दादा सवयीने पुढे झाला, हँडलला हात घालणार, तेवढ्यात त्याने हात मागे घेतला. आयुष्यभर तिला सांगत आलेला हा माणूस.

"कुठे धरू?" त्याने विचारलं.

"मागच्या चाकाला धर," ती म्हणाली. "आणि मी सांगेन तेव्हाच उचल."