शिट्टीशिवाय गाडी हलत नाही

“ऐकू सगळं येते त्यायले. ऐकायचं नसते.”

आई स्वयंपाकघरातून फोनवर आत्याला सांगत होती. कपडे धुऊन झाल्याची मशीनची टींटीं बराच वेळ वाजत होती आणि बाबा मशीनपासून चार पावलांवर, मागच्या खोलीत, बकऱ्यांना रंग देत बसले होते. बकऱ्या शेंगदाण्याएवढ्या होत्या. तिसऱ्या बकरीचा कान काळा करून त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. मशीन बंद करायला शेवटी मीच उठले.

मागची खोली पूर्वी माझी अभ्यासाची होती. आता तिथे प्लायवूडच्या मोठ्या फळीवर एक स्टेशन आहे. बाबा नॅरोगेजवर गार्ड होते, इतवारीहून नागभीडकडे जाणाऱ्या छोट्या गाडीवर. ते रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत गाडीही बंद झाली. रूळ उखडले, त्या जागी मोठी लाइन टाकायला घेतली. त्या वाटेवरचं एक लहानसं स्टेशन बाबांनी पुठ्ठा आणि आइसक्रीमच्या काड्यांपासून परत उभं केलं. एका खोलीचं तिकीटघर, चिंचेचं झाड, हातपंप, फाटक. इंजिनाचं खालचं यंत्र विकतचं होतं. वरचं खोकं त्यांनी स्वतः कापून रंगवलं होतं. एक खटका फिरवला की गाडी निघायची आणि गोल फिरून परत फलाटाला लागायची.

“मुकी आहे,” ते एक दिवस म्हणाले. “तुह्या कॉम्प्युटरवर आवाजाचं काम असते नं? ते इथं होते का?”

माझं काम मुलांच्या ऑनलाइन धड्यांचे आवाज साफ करण्याचं आहे. बोलणाऱ्याचा श्वास, पंख्याची घरघर, खुर्चीची करकर काढून टाकायची. दिवसभर दुसऱ्यांना ऐकायचं आणि स्वतः काही बोलायचं नाही. हे मला जमतं. माझ्या इंग्रजी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी ‘सॉफ्ट स्पोकन’ असा शेरा असायचा. बाबा त्याचं घरी भाषांतर करायचे: “तोंडातल्या तोंडात बोलू नको वं. मोठ्यानं बोल.” हे ते मला आजही म्हणतात, जवळजवळ रोज. त्यामुळे त्यांच्याशी मी आणखीच कमी बोलायचे.

आधी मी इंटरनेटवरून डिझेल इंजिनाचा आवाज उतरवून घेतला. बाबांनी डोळे मिटून तो पूर्ण ऐकला.

“हे कुठलं?”

“डिझेलच आहे.”

“असंल. पण लै तब्येतीचं आहे हे. आपलं चढावर खोकत होतं.”

मग मी त्या आवाजाला खोकला लावला. मधूनमधून लय तोडली, वरचा चकचकीतपणा काढला, दर फेरीला एक ठसका ठेवला. बाबांनी मान डोलावली. हे असं आठवडाभर चाललं. उमरेड रोडवरच्या एका नातेवाइकांच्या शेतावर जाऊन मी हातपंप रेकॉर्ड केला. बकऱ्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी कराव्या लागल्या, कारण पहिल्या बकऱ्या बाबांना शहरी वाटल्या.

घंटेसाठी आम्ही कळमन्याच्या धान्यबाजारात गेलो. लहान स्टेशनांवर रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. मागच्या स्टेशनवरून गाडी सुटल्याचं कळलं की तो लोखंडी दांड्यानं वाजवायचे. तसाच तुकडा बाबांच्या ओळखीच्या एका अडत्याच्या गोदामाबाहेर होता, हमालांच्या सुट्टीच्या घंटेसाठी टांगलेला. मी फोन धरला, बाबांनी दांडा उचलला आणि तीन ठोके दिले. आतले दोन हमाल पोती खाली ठेवून हात पुसत बाहेर आले.

“एवढ्या लवकर सुट्टी?” एकानं विचारलं.

“गाडी सुटली मागून,” बाबा म्हणाले.

हमालानं इकडेतिकडे पाहिलं. “कोणती गाडी?”

“तिलेच शोधून राहिलो भाऊ.”

रेकॉर्डिंगमध्ये ते दोघंही आले होते. मी त्यांना कापून फक्त ठोके ठेवले.

बर्डीच्या बाजारातून चार लहान स्पीकर आणले आणि फळीच्या खाली चार ठिकाणी बसवले. घंटा तिकीटघराखालून, पंप चिंचेखालून, बकऱ्या फलाटाखालून, इंजिन फाटकाखालून. प्रत्येक आवाजाला लॅपटॉपचं एक बटण दिलं. सगळ्यात शेवटी शिट्टी राहिली. ती विकत किंवा इंटरनेटवरून आणण्याचा प्रश्नच नव्हता. बाबांनी कपाटातून त्यांची स्वतःची काढली, गार्डची, दोरीसकट. ज्या डब्यात ती होती त्याच डब्यात त्यांच्या शेवटच्या मेडिकलचा कागद आहे. आई त्यांच्या न ऐकण्याविषयी बोलायला लागली की ते त्या कागदाचा दाखला देतात. “माहे डोळे-कान सरकारनं तपासले आहेत.”

त्यांनी शिट्टी फुंकली. माझ्या स्क्रीनवर आवाजाची रेघ लाल झाली, आणि मी फोन लांब धरून पुन्हा घेतली.

“एक ध्यानात ठेव,” ते म्हणाले. “घंटा झाली, लोकं बसले, सगळं झालं, तरी शिट्टीशिवाय गाडी हलत नाही. गार्डची शिट्टी आली की मगच ड्रायव्हर हात लावते. जिंदगीभर शिट्टी मी मारली अन् गाडी दुसऱ्यानं हलवली. आता ड्रायव्हर मी. गार्ड तू.”

असा आमचा सराव सुरू झाला. ते फळीच्या एका बाजूला खटक्यावर हात ठेवून, मी समोर लॅपटॉप घेऊन.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी दोनदा सांगितलं की शिट्टी बारीक येते. मी आवाज वाढवला. आई दारात आली. “कान फाडता का वं लोकायचे?” तिचं ऐकून मी आवाज गुपचूप निम्मा केला आणि पुन्हा वाजवली.

“आता बरोबर,” बाबा म्हणाले आणि गाडी सोडली.

हे माझ्या लक्षात राहिलं. आवाजाच्या बाबतीत माझ्या लक्षात राहतंच. दुसऱ्या दिवशी मला दिसलं की बटण दाबताना माझी मान किंचित खाली जाते, मनात ताल मोजताना जाते तशी, आणि बाबा फळीकडे बघतच नसतात. ते माझ्याकडे बघतात.

मी एकदा मान न हलवता शिट्टी वाजवली. बाबा खटक्यावर हात ठेवून थांबले. थोड्या वेळानं भुवया उंचावल्या, म्हणजे काय झालं. मग मी बटणाला हात न लावता नुसतीच मान हलवली.

गाडी सुटली.

खोलीत पंख्याशिवाय काही वाजत नव्हतं. मी घाईनं इंजिनाचं बटण दाबलं. तो आवाज त्यांना छान ऐकू आला. जाड आवाज सगळे येत होते. खोकल्याच्या ठिकाणी ते हसले.

मी फोनवर वाचलं. उतारवयात बारीक आवाज आधी जातात, आणि गाड्यांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्यांचे तर आणखी लवकर. शिट्टी, मशीनची टींटीं, आणि लहान आवाजात बोलणाऱ्या माणसांचे शब्द. शेवटचं मी दोनदा वाचलं.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला साधारण माहीत होतं. बाबांच्या एका सोबत्याला कानांमुळे गाडीवरून उतरवून ऑफिसात बसवलं होतं. त्याची गोष्ट बाबा आवाज खाली करून सांगायचे, जसं गेलेल्या माणसाविषयी बोलतात. आणि आता तर सदर भागातल्या एका हॉलमध्ये रविवारी छंदवाल्यांचं प्रदर्शन होतं, बाबांनी नाव दिलं होतं, जुन्या लोकांना फोन केले होते. “आवाजासकट आहे,” ते प्रत्येकाला सांगत होते. “या अन् कानानं पाहा.” मी एवढंच केलं की मान जरा जास्त हलवायला लागले.

रविवारी आम्ही फळी टेम्पोतून नेली. आमच्या एका बाजूला नाणी होती, दुसऱ्या बाजूला काड्यापेट्यांची झाकणं. बाबांनी फळीमागे आकाश रंगवलेली चादर ताणली. हॉल भरायला लागला, तशी मी लॅपटॉप घेऊन कुठे बसायचं ते बघत होते. फळीसमोरची जागा म्हणजे सगळ्यांच्या मधोमध.

“मी चादरीमागे बसते,” मी म्हटलं.

“काय म्हणते?”

मी बोटानं दाखवलं.

“बस नं. तुले लोकं नको असतात, माहीत आहे मले.”

माझी मान तिथून दिसणार नाही हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. एवढ्या दिवसांत मी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवलं होतं आणि नेमकी तीच लोकांच्या भीतीनं विसरले. चादरीला एक जुनं भोक होतं. त्यातून मला बाबांचा खटक्यावरचा हात आणि समोरची पहिली रांग दिसत होती.

त्या रांगेत एक उंच काका होते. त्यांनी बरीच वर्षं बाबांच्या गाडीचं इंजिन चालवलं होतं. त्यांचा आवाज चादरीमागेही पोहोचत होता. “जिंदगीभर मले यानं झेंडी दाखवली, अन् आता सोताच ड्रायव्हर होऊन राहिला! लायसन आहे का बे?”

“तुह्यापेक्षा टायमावर नेईन,” बाबा म्हणाले.

मी घंटा दिली. तीन ठोके. हॉलमधली बडबड थांबली. कुणीतरी म्हणालं, “अरे वा, रूळ!” बकऱ्या, पंप, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बकऱ्यांना हशा मिळाला. मग मी शिट्टीचं बटण दाबलं.

शिट्टी चांगली वाजली. हॉलच्या भिंतींनी ती आणखी कडक केली. पुढच्या एका लहान मुलीनं कानांवर हात ठेवले. बाबांचा हात खटक्यावर होता. तो हलला नाही.

तेव्हा मला कळलं.

मी पुन्हा वाजवली. मुलीनं पुन्हा कान झाकले. बाबा शांत उभे होते, वाट बघायची सवय असलेल्या माणसासारखे. मी तिसऱ्यांदा वाजवली.

“अबे, सोड नं!” काका ओरडले. “सिग्नल कधीचा पडला!”

“थांब नं भाऊ. शिट्टी कुठं झाली?”

लोक हसले. त्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग आहे. काकाही हसले. “मंग तुहा गार्ड झोपला असंल मागं!”

“नाही झोपत,” बाबा म्हणाले. ते हसत नव्हते. “माही पोरगी आहे ती. ती नाही चुकत. काही अडचण असंल. तिची शिट्टी येईल, मंगच हलन गाडी.”

काकांचं हसू थांबलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग चादरीकडे. त्यांच्या शेजारचा माणूस हळूच दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. बाकी सगळे अजून हसतच होते.

मी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि चादरीच्या कडेनं बाहेर आले. वीसेक लोक असतील. बाबांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला; त्यांची नजर लगेच माझ्या मानेवर आली. ते मान हलण्याची वाट बघत होते. त्यांना स्वतःला हे माहीत नसावं. एवढी मान हलवली असती तर गाडी सुटली असती, टाळ्या झाल्या असत्या आणि आम्ही घरी आलो असतो. घरी पुन्हा आई त्यांना न ऐकण्यावरून बोलली असती, ते मला हळू बोलण्यावरून बोलले असते.

मी मान सरळ ठेवली. फळीला वळसा घालून त्यांच्यासमोर गेले आणि शाळेत कधी बोलले नव्हते तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, “बाबा, शिट्टी तीनदा वाजली. तुम्हाला ऐकू आली नाही.”