ओव्हरसियरची ब्रासी

रंगनाथ ओव्हरसियर हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं ऐकल्यावर तसं म्हणायला कुणी धजणार नाही. संगमनेरकडच्या खेड्यातून नगरला आला, बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाला, ओव्हरसियरची परीक्षा दिली आणि छावणीतल्या रस्त्यांवर खडी-मुरूम टाकून घ्यायच्या कामाला लागला. ठेकेदाराच्या घरचा चहासुद्धा तो कधी प्यायला नाही. अक्षर असं, की कचेरीतल्या पाट्या त्यालाच रंगवायला देत. एकच खोड होती. कुंपणाच्या आत जी माणसं बसत, त्यांनी आपल्याला आपलं म्हणावं असं त्याला फार वाटे.

कुंपण म्हणजे छावणीतल्या गोल्फ क्लबाचं. गोऱ्या साहेबांच्या काळात रंगनाथ तिथं पंधरा वर्षं जात होता, पण मागल्या फाटकानं, बैलगाडीबरोबर. नगरच्या मैदानावर हिरवळ कुठली? चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती तेलात कालवलेली वाळू पसरत, आणि ती वाळू पुरवणं रंगनाथकडे होतं. सत्तेचाळीस साली साहेबलोक बोटीत बसले, क्लब ओस पडला, आणि वर्गणीला माणसं हवीत म्हणून गावातल्या चार सभ्य गृहस्थांना आत घ्यायचं ठरलं. दोन डॉक्टर, एक वकील आणि रंगनाथ. त्या दिवशी तो पुढल्या फाटकानं आत गेला आणि घरी येऊन केशरबाईला फाटकाची उंचीसुद्धा सांगत बसला.

जाणाऱ्या एका मेजरच्या सामानाच्या लिलावात त्यानं काठ्यांची पिशवी घेतली. तिच्यात एक ब्रासी होती. लाकडी डोक्याची, तळाला पितळी पत्रा ठोकलेली लांब काठी. खेळ सुरू करताना चेंडू खुंटीवर ठेवून मारता येतो, पण एकदा तो मैदानात पडला की पडेल तिथून मारावा लागतो, आणि तिथून लांब न्यायचा तर ब्रासी. विलायतेत गवताची गादी असते म्हणे. आपल्याकडे मुरूम. पितळ मुरमावर आपटायचं, काठी उसळायची, चेंडूच्या टाळक्यावर बसायची आणि चेंडू दहा पावलं घरंगळून थांबायचा. धाकट्या डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात आपली ब्रासी मोडली. वकिलांनी आपली दिवाणखान्यात छत्रीशेजारी उभी करून ठेवली आणि विषय बंद केला. क्लबाचे नवे सेक्रेटरी आपल्या पलटणीतले एक मेजर होते. ते म्हणत, या जमिनीवरून जो ब्रासी मारील तो खरा खेळाडू, बाकी सगळे हवा खायला येतात.

झालं, रंगनाथच्या डोक्यात ते भरलं. पहाटे उठून तो परसात ब्रासी फिरवू लागला. एकदा तुळशीवृंदावनाचा कोपरा उडाला, एकदा केशरबाईची कळशी चेपली. ती म्हणाली, अहो, रस्ते करता तेवढं पुरे नाही का, जमीन कशाला झोडपता? पण तिलाही मनातून कौतुकच होतं.

त्याला शिकवलं गनीभाईंनी. गनीभाई भिंगारचे, पन्नाशी उलटलेले, तीस वर्षं त्या मैदानावर कॅडी. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी वाहणारा, पण एवढंच म्हटलं तर गनीभाईंवर अन्याय होईल. वारा कुठून आहे, कुठली काठी घ्यायची, हे सगळं ते सांगत. इतर कॅडी अनवाणी चालत, आणि त्यांची एक विद्या होती. आपल्या साहेबाचा चेंडू खडकावर पडला, की वाकायचंही नाही, नुसता अंगठ्याच्या बेचक्यात चेंडू धरून चार पावलं चालायचं आणि गवतावर सोडायचा. साहेब खूश, बक्षिशी वेगळी. गनीभाईंना याचा तिटकारा. आपल्यावर कुणी तसा संशय घेऊ नये म्हणून ते भर उन्हाळ्यातसुद्धा पलटणीचे जुने बूट घालून हिंडत. बूट दोन बोटं मोठे होते, पुढं चिंध्या कोंबलेल्या असत. पहिल्याच दिवशी त्यांनी रंगनाथला सांगितलं होतं, “चेंडू पडंल तिथनंच मारायचा, रावसाहेब. वाईट जागी पडला तर वाईट.”

एकोणपन्नासच्या जानेवारीत क्लबाच्या चांदीच्या कपाचा सामना लागला. अठरा भोकं खेळायची, ज्याचे फटके कमी त्याचा कप. नवशिक्यांना काही फटक्यांची सवलत असे. त्या सवलतीच्या जोरावर, आणि खरं सांगायचं तर गनीभाईंच्या जोरावर, रंगनाथ सतरा भोकं असा खेळला की त्याच्याबरोबर खेळणाऱ्या आणि त्याचे फटके मांडणाऱ्या कॅप्टननं त्याला शेवटाआधी हळूच सांगितलं, ओव्हरसियरसाहेब, सांभाळून खेळलात तर कप तुमचा.

शेवटचं भोक सगळ्यांत लांब. रंगनाथचा पहिला फटका बरा गेला, पण चेंडू थांबला तो उघड्या मुरमावर. त्याच्यापासून जेमतेम एक वीत अंतरावर वाळक्या गवताचा झुबका होता. कॅप्टनचा चेंडू बाभळीत गेला होता, तो आणि त्याचा कॅडी सहादेव तिकडे वळले होते. गनीभाईंनी पिशवी टेकवली, लोखंडी काठी पुढं केली आणि सांगितलं की हितनं लाकूड नको, हळूच पुढं काढा. रंगनाथनं ब्रासी मागितली. गनीभाईंनी ती दिली आणि घाम पुसायला तोंड फिरवलं.

रंगनाथनं ब्रासीच्या डोक्यानं चेंडू एक वीत सरकवला. आवाजसुद्धा झाला नाही. गनीभाईंनी तोंड वळवलं तेव्हा चेंडू गवतावर बसला होता. त्यांनी चेंडूकडे पाहिलं, मग मुरमाकडे, मग दूर भोकावरच्या निशाणाकडे.

आणि फटका तरी कसा बसावा! आयुष्यात तसा फटका रंगनाथच्या हातून ना आधी गेला ना नंतर. चेंडू सुतासारखा सरळ गेला, वाळूच्या कडेला जाऊन पडला. बाभळीतून कॅप्टन ओरडला, शाबास. रंगनाथच्या कानात ते नुसतं घुमत होतं. सेक्रेटरींनी हे पाहिलं असेल का, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

सेक्रेटरींनी पाहिलं नव्हतं, पण सहादेवनं चेंडू आधी मुरमावर पाहिला होता. बाभळीकडे जाताना तो चेंडूच्या अंगावरूनच गेला होता. त्यानं कॅप्टनला सांगितलं, कॅप्टननं सेक्रेटरींना, आणि कप द्यायच्या आधी क्लबाच्या व्हरांड्यात सगळे गोळा झाले. आता आपलं नाव जाणार, नोकरीतही हे पोचणार, केशरबाई काय म्हणेल, असं सगळं एकदम रंगनाथच्या अंगावर आलं. पण सेक्रेटरींच्या मनात त्याचा संशयसुद्धा नव्हता. ते त्याच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले की या लोकांचे अंगठे आपल्याला ठाऊक आहेत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मग त्यांनी गनीभाईंना पायरीशी बोलावलं.

गनीभाईंनी आपल्या बुटांकडे बोट केलं. अंगठा नाही तर बूट लागला असेल, सेक्रेटरी म्हणाले, आणि रंगनाथकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्ही काही पाहिलंत का?

“माझं लक्ष नव्हतं,” रंगनाथ म्हणाला.

गनीभाई त्याच्याकडे बघत राहिले. वाट बघत होते म्हणा ना. आपल्या माणसाचा खेळ चारचौघांत उघडा करायचा नाही, ही कॅडीची रीत, आणि गनीभाईंनी ती तीस वर्षं पाळली होती. त्यांना वाटलं असेल, रावसाहेब आता बोलतील, आता बोलतील. रंगनाथ व्हरांड्याच्या फरशीच्या सांध्यांकडे बघत होता. ते सांधे त्यानंच भरून घेतले होते.

“रावसाहेबांचं लक्ष न्हवतं,” गनीभाई शेवटी म्हणाले, “मग माझाच पाय लागला आसंल.”

दंडाचा एक फटका वाढवूनही कप एका फटक्यानं रंगनाथचाच राहिला. गनीभाईंचं नाव यादीतून कमी झालं. तीस वर्षांचं काम पाच मिनिटांत गेलं, आणि लगेच चहा आला.

केशरबाईनं कप फळीवर मांडला, हळदीकुंकू वाहिलं. शेजारपाजारचे बघून गेले. रंगनाथला घास गिळेना. तो त्या फळीकडे पाठ करून जेवायचा. रात्री झोप नाही, दिवसा रस्त्यावर मजुरांशी नजर मिळवायची चोरी. आपण पाच पैशांची लाच न खाणारे, असं त्याला पूर्वी वाटे. आता तो विचार आला की अंगाला आग लागल्यासारखं होई. चौथ्या दिवशी तो भिंगारला गनीभाईंच्या घरी गेला.

गनीभाईंच्या बायकोनं, सरवरीनं, चटई टाकली, चहा ठेवला. रंगनाथ चाचरत म्हणाला की गनीभाई, चेंडू मी सरकवला. गनीभाईंनी नुसती मान हलवली, जणू यात नवं काय. ते रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर रंगनाथचं ओझं तरी उतरलं असतं. ते म्हणाले की केडगावला एका मोसंबीच्या बागेवर राखणीचं काम मिळतंय, पोटाची काळजी नाही.

“कामाचं जाऊ द्या, रावसाहेब,” ते म्हणाले. “पन मशिदीत मानसं इचारत्यात, गनीभाई, ह्या वयात आसं का केलं? माझ्या पायानं चेंडू सरकला न्हाई, तेवढं तुमी तिथं सांगा. मला परत घ्या आसं न्हाई म्हनत मी.”

येत्या मीटिंगला सांगतो, असा रंगनाथनं सरवरीच्या देखत शब्द दिला. आणि खोटा नाही दिला. घरी जाऊन त्यानं काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, चार वेळा म्हणून पाहिलं.

मीटिंगला तो उभाही राहिला. पण त्याचं तोंड उघडायच्या आत सेक्रेटरी म्हणाले, बरं झालं उठलात, तुमच्याबद्दलच बोलणार होतो. क्लबाच्या कमिटीवर एक जागा रिकामी आहे, ती कपाच्या मानकऱ्याला द्यावी. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, वकिलांनी पाठ थोपटली. पंधरा वर्षं ज्या व्हरांड्याला मागल्या फाटकातून सलाम केला, त्यात बसलेली माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. खिशातला कागद खिशात राहिला. रंगनाथ म्हणाला, मी आपला आभारी आहे, आणि खाली बसला. लाज वाटली का? वाटली. इतकी, की ती रात्र त्यानं परसात बसून काढली. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

कमिटीवरचं पहिलं काम त्याला त्याच बैठकीत मिळालं. कॅडींसाठी मराठीत एक पाटी हवी होती, आणि अक्षर तर त्याचंच. मजकूर सेक्रेटरींनी सांगितला. चेंडूपासून दोन काठ्या लांब उभं राहावं; चेंडूला पाय लावल्याबद्दल गनी, राहणार भिंगार, यास कायमचे काढून टाकण्यात आले आहे, इतरांनी बोध घ्यावा. रंगनाथनं फळी घासून घेतली, काळा रंग दिला आणि वर पांढऱ्या रंगानं ते लिहिलं. हात जरासुद्धा कापला नाही. ‘गनी’ हा शब्द तर छापल्यासारखा आला. शनिवारी पाटी कॅडी बसत त्या लिंबाखाली लागली.

रविवारी सकाळी रंगनाथ पिशवी घेऊन आला तेव्हा पाटीसमोर गनीभाई उभे होते. धुतलेला सदरा, डोक्याला नवी टोपी. केडगावहून पायी आले होते. क्लबात गनीभाईंच्या नावाची पाटी लागली, एवढंच कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. भोवती चार-पाच कॅडी होते, पण त्यांतल्या एकालाही अक्षर येत नव्हतं. गनीभाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की रंगनाथ जागच्या जागी थांबला.

“शब्द पाळलात, रावसाहेब,” ते म्हणाले. “माझं नाव कुठं हाय ह्याच्यात?”

रंगनाथनं बोटानं नाव दाखवलं. गनीभाईंनी वाकून ते नीट पाहून घेतलं. मग म्हणाले की ह्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवा.

रंगनाथ पाटीपुढं उभा राहिला. एकेका अक्षराखाली बोट धरून, थांबत थांबत, तो वाचू लागला. “गनीभाई, राहणार भिंगार, यांनी चेंडूला पाय लावला नव्हता. तीस वर्षांत एकदाही लावला नव्हता. त्यांच्यावर आळ आला तो खोटा होता.”

कॅडी एकमेकांकडे बघू लागले. गनीभाईंनी टोपी सारखी केली, डोळे पुसले. मग रंगनाथच्या अगदी जवळ येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, “चेंडू कोनी सरकवला, ते लिवलंय का?”

“नाही,” रंगनाथ म्हणाला.

“बरं केलं. ते नगं लिवायला.” गनीभाई मागं सरले आणि कॅडींच्यात जाऊन उभे राहिले. “आता येकदा पुन्यांदा वाचा, रावसाहेब.”

रंगनाथनं पुन्हा वाचलं. या वेळी त्याला कुठंही थांबावं लागलं नाही.