चोराला नेऊन दिलेली पापलेटं

ज्यानं मला फसवलं, त्यालाच मी दोन पापलेटं नेऊन दिली. ताजी, निवडून काढलेली. तेव्हा हाडं मजबूत होती माझी. अक्कल तेवढी यायची होती.

झालं असं की गॅसची टाकी हलकी आली. मी रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकणारी. टोपली डोक्यावर चढली की आत किती किलो आहे ते माझी मान सांगते. टाकी कलंडवून घरात नेताना मनगटाला कळलं, ही भरलेली नाही.

एजन्सीत गेले. साहेब खुर्चीतून हललाही नाही. "बाहेर उभी राहा. वास येतो."

पायरी उतरले. उन्हात उभी राहून सांगितलं, टाकी हलकी आहे, हाताला कळतं.

"तुझा हात म्हणजे काय वजनकाटा? जास्त बोललीस तर कनेक्शन बंद करीन."

झालं. घरात सून बाळंतीण, लेक बोटीवर खलाशी. पाणी तापवायचं कशावर? दुसऱ्या दिवशी पापलेटं घेऊन माफी मागायला हजर! मला पायरीखालीच ठेवलं. पापलेटं आत गेली. त्यांना वास नव्हता. आणि साहेबानं घेतली म्हणून ही बया खूश होऊन घरी आली. तेव्हाची ती तान्ही नात आता सातवीत आहे. हे ऐकलं की पोट धरून हसते.

मग एक दिवस वजनमापाचे इन्स्पेक्टर आमचे काटे तपासायला बाजारात आले. मी चेष्टेत विचारलं, "साहेब, आमचे काटे बघता. टाकीवाल्याचा कोण बघतो?"

ते हसले नाहीत. "मावशी, टाकी दारात मोजून मागा. तुमचा हक्क आहे. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं."

पुढची टाकी आली. पुन्हा हलकी. टेम्पोवाल्याला म्हटलं, "आधी काटा, मग सही." त्यानं एजन्सीच्या साहेबाला फोन लावून माझ्या कानाला दिला.

"परत तूच? तुझं कनेक्शन बंद!"

सगळा बाजार दणाणवणारा माझा आवाज, मांजराच्या पिल्लासारखा निघाला. पण निघाला.

"करा बंद. का केलंत ते कागदावर लिहून द्या."

फोन कट.

टेम्पोत गोणपाटाखाली काटा होताच. मोजलं. दोन किलोच्या वर कमी. टेम्पोवाल्यानं मुकाट्यानं दुसरी टाकी काढली, तीही मोजून घेतली. आजूबाजूच्या बाया बघायला जमल्या.

आणि मी? घरात पळाले. कडी लावली. दाराला पाठ लावून बसले. आता साहेब काय करील? लेकाला काय सांगू?

दारावर थाप पडली. शेजारची शेवंती होती.

"काकी, दार उघड गो. घाबरायचं तर आमच्यात येऊन घाबर. माझी टाकी पण कमी भरली. टेम्पो अडवून ठेवलाय आम्ही. तक्रार लिहितोय, आणि पयलं नाव तुझं घालणार."