धुतलेल्या बॅटऱ्या

माझ्या मामाच्या एकाही शर्टाची बाही धड नव्हती. तो गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या गोळा करायचा, आतलं अ‍ॅसिड ओतून द्यायचा आणि उरलेली खोकी आतल्या शिशासकट कारखान्याला विकायचा. अ‍ॅसिड उडायचं, कापड खायचं. "ह्यांना शर्टाऐवजी चाळणीच शिवून द्यावी," मामी म्हणायची.

मग नवा कायदा आला. जुन्या बॅटऱ्या घ्यायच्या तर नोंदणी हवी, नाहीतर शेडला सील. अर्ज मी भरला. नियमही वाचून दाखवले: बॅटरी उघडायची नाही, आली तशीच अ‍ॅसिडसकट कारखान्याला पाठवायची. मामा मान डोलवत होता. का उघडायची नाही, ते काही मी सांगितलं नाही. इंजिनियरिंग शिकलेल्या मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी मामाने शेडमधल्या सगळ्या बॅटऱ्या रिकाम्या केल्या, सोड्याच्या पाण्याने धुतल्या, फडक्याने पुसून भिंतीशी रांगेत मांडल्या. मी पोचले तेव्हा तपासणीला आलेल्या मॅडम एक बॅटरी उचलून बघत होत्या. ती एका हाताने उचलली गेली, म्हणजे आत अ‍ॅसिड नव्हतं.

"यातलं अ‍ॅसिड कुठंय?"

"काढलं ना मॅडम. बिनधास्त हात लावा."

"काढून टाकलं कुठे?"

मामाने मागचं दार उघडलं. नाल्यापर्यंतची माती पांढरीफटक पडली होती. गवताचं पातंसुद्धा नव्हतं.

"तीस वर्षांत इकडे साप फिरकला नाही," तो कौतुकाने म्हणाला.

मॅडमनी फोटो काढले. "काका, काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं हो," त्या हळूच म्हणाल्या आणि सील लावायला माणूस बोलावला.

मी दोनदा अपील केलं. दुसऱ्यांदा उत्तर आलं: माती साफ होईपर्यंत नोंदणी नाही. ती साफ करणं मामाला बापजन्मी जमणारं नव्हतं. तो कागद त्याने माझ्याकडून वाचूनही घेतला नाही.

"तू सांगितलं होतंस गं," एवढंच म्हणाला. "मला वाटलं, न उघडता पाठवायचं ते आळशी लोकांसाठी असेल."

आता तो दिवसभर दारात बसलेला असतो. परवा मामी त्याचा निळा शर्ट वाळत घालत होती. तिने सवयीने बाही उजेडात धरली. चार महिने वापरलेला शर्ट, एकही भोक नाही. ती चिमटा लावून आत गेली.